मुक्या सोबत्याची निगा

संत नामदेवांच्या चरित्रातील एक प्रसंग महाराष्ट्रात घरोघरी सांगितला जातो. नामदेव जेवावयास बसले असता एका कुत्र्याने त्यांच्या पानातील पोळी पळविली. दुसरा कोणी असता तर काठी घेऊन धावला असता. नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. कोरडी पोळी त्या जिवाच्या घशाखाली कशी उतरेल, एवढीच त्यांना चिंता होती. परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होते. पूर्णा जंक्शनहून वसमत व हिंगोलीवरून अकोल्याकडे जाणारी आगगाडी आजही त्याच मुलखातून धावते.

या गोष्टीतील मर्म केवळ दयेत नाही. दया पुष्कळांच्या मनात उपजते. परंतु समोरच्या प्राण्याला नेमके काय दुखते आहे, काय हवे आहे, हे ओळखणे कठीण असते. नामदेवांनी ते ओळखले. कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला हीच ओळख रोज पटवून घ्यावी लागते. ती न पटल्यास प्रेम असूनही केवढा अनर्थ होतो, हे एका उदाहरणाने ध्यानी येईल.

पूर्णा गाव पूर्णा नदीच्या काठी वसलेले आहे. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी गावापासून थोड्याच अंतरावर गोदावरीला मिळते. आसपासची जमीन काळी, कसदार. पावसाळ्यात या मातीचा चिखल पायाला असा चिकटतो की, वहाण जड होऊन पाऊल उचलत नाही. पाऊस सरला की बांधाबांधावर आघाडा, गोखरू आणि कुसळी गवत माजते. शेतातून फेरफटका मारून येणाऱ्याच्या धोतराला किंवा पायजम्याला कुसळे लागली नाहीत, असे सहसा घडत नाही.

समजा, अशा या गावातील एका मुलाच्या घरी लांब, पांढऱ्या केसांचे एक पिल्लू आले. त्याचे नाव मोती ठेवले. पहिले काही दिवस मोतीचे कौतुक काय वर्णावे! कोणी त्याला दूध देई, कोणी त्याच्या गळ्यात लाल पट्टा बांधी, कोणी त्याचे रेशमासारखे केस कुरवाळी. पण नव्याचे नऊ दिवस! शाळा सुरू झाली, पेरणीची घाई झाली, आणि मोतीला विंचरण्यासाठी आणलेला कंगवा कोनाड्यात पडून राहिला. मुलाने मोतीकडे दुर्लक्ष केले, असे मात्र म्हणता येणार नाही. तो त्याला वेळेवर खाऊ घाली. दर रविवारी साबण लावून आंघोळ घाली. मोती स्वच्छ राहावा, म्हणून आपण पुष्कळ कष्ट घेतो, अशी त्याची समजूत होती.

भाद्रपद गेला, दिवाळी आली. मोतीच्या कानांमागे आणि पुढच्या पायांच्या बगलांत केसांचे गोळे दिसू लागले. कोणी म्हणाले, “केस दाट झाले आहेत.” पुढे मोती हाका मारूनही येईनासा झाला. मुलाने कानापाशी हात नेताच तो गुरगुरला. एके दिवशी त्याने हातावर दात लावले. घरच्यांनी निकाल दिला, “कुत्रा चिडका निघाला. याला साखळीने बांधून ठेवा, नाही तर सोडून या.”

मोती चिडका नव्हता. त्याला दुखत होते आणि ते सांगण्यासाठी गुरगुरण्यावाचून दुसरी भाषा त्याच्यापाशी नव्हती.

सोडून देण्यापूर्वी एकदा दाखवून यावे, म्हणून त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. पशुवैद्यांनी त्याचे तोंड हळूच बांधले, त्याला गुंगीचे औषध दिले आणि केस कापण्याच्या यंत्राने ते गोळे उतरविण्यास आरंभ केला. केस निघाले ते सुटे निघाले नाहीत; घोंगडीचा तुकडा निघावा, तसा सबंध थर निघाला. त्याखालची कातडी लाल, ओली आणि सोललेली होती. बगलेत एक गोखरू रुतून बसले होते. गळ्यातील लाल पट्ट्याखाली जखम होऊन तीत अळ्या पडल्या होत्या. मुलगा ते पाहून स्तब्ध झाला. ज्या मानेवरून तो हात फिरवीत आला होता, त्याच मानेवर चार बोटांच्या अंतरावर हे चालले होते आणि ते त्याला कळलेही नव्हते.

केसांच्या अशा घट्ट गोळ्याला मराठीत ‘जट’ म्हणतात. ती कशी बनते, हे समजून घेतल्यास ती टाळणे मुळीच अवघड नाही.

सूक्ष्मदर्शक यंत्रातून केस पाहिला असता त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत दिसत नाही. कौलारू छपरावर कौले बसवावीत, तसे त्यावर एकावर एक बारीक खवले बसविलेले दिसतात. दोन केस एकमेकांवर घासले की हे खवले परस्परांत गुंततात. त्यात ओलावा आणि दाब यांची भर पडली की गुंता अधिकच आवळतो. काश्मीरमध्ये लोकरीचा नमदा करतात, तो याच गुणामुळे. नमदा विणलेला नसतो; लोकर ओली करून, दाबून, लाटून तिचा एकजीव थर बनवितात. जट म्हणजे कुत्र्याच्या अंगावर नकळत तयार झालेला नमदाच होय.

पुष्कळ लांब केसांच्या कुत्र्यांना दोन प्रकारचे केस असतात: वरचे लांब व राठ केस आणि त्यांखालची दाट, मऊ लव. ही लव ऋतुमानाप्रमाणे गळते. परंतु गळालेली लव खाली पडत नाही. ती वरच्या लांब केसांत अडकून राहते. तिच्याभोवती धूळ, चिखल आणि कुसळे जमतात. जेथे अंग अंगाला घासते, तेथे हा गुंता प्रथम वळतो. म्हणून कानांमागे, बगलांत, जांघांत, शेपटीच्या मुळाशी, बोटांच्या बेचक्यांत आणि गळ्यातील पट्ट्याखाली जट आधी शोधावी.

मोतीच्या रविवारच्या आंघोळीने नेमके काय झाले, तेही आता उमगेल. न विंचरता केस ओले केल्याने प्रत्येक गुंता अधिक घट्ट झाला. वरचे केस वाळले. आतली लव ओलीच राहिली. साबणाचा अंश आत साचला. माणसाच्या कातडीच्या वरच्या पापुद्र्यात साधारणपणे १० ते १५ पेशींचे थर असतात. कुत्र्याच्या कातडीत ते ३ ते ५ एवढेच असतात. इतक्या नाजूक कातडीवर ओला, आवळलेला थर महिनोन्‌महिने राहिला, तर ती कुजू लागते. शिवाय जट कातडीला चोहोंकडून ओढून धरते. कुत्र्याने पाय उचलला की बगल ओढली जाते, मान वळविली की कान ओढला जातो. वेणी घट्ट आवळली असता डोके कसे ठणकते, हे मुलींना ठाऊक असते. ती वेणी रात्री सुटते. मोतीची जट मात्र रात्रंदिवस त्याला ओढीत होती.

जटेच्या आडोशाला गोचिडी आणि पिसवा सुखाने राहतात. गोचिडीमुळे कुत्र्यांना ताप येतो आणि वेळीच उपाय न झाल्यास तो प्राणावर बेतू शकतो. ओल्या जखमेवर माश्या बसून अंडी घालतात व त्यांतून अळ्या निघतात. कुसळाची तर गोष्टच न्यारी! त्याचे टोक सुईसारखे असून त्यामागे उलट्या दिशेचे बारीक केस असतात. त्यामुळे ते पुढे सरकते, मागे फिरत नाही. केसांत अडकलेले कुसळ प्रत्येक हालचालीबरोबर आत शिरत कातडी भेदते; कानात किंवा बोटांच्या बेचक्यात गेले, तर पू धरते.

मराठवाड्यातील गावठी कुत्र्याला हा त्रास सहसा होत नाही. त्याचे केस आखूड, अंगाला चिकटून असतात. या हवेला ते साजेसे आहेत. या मुलखात शिकारी कुत्र्यांची एक जुनी परंपरा आहे. व्यापारी तांड्यांबरोबर आलेले म्हणून ज्यांना ‘कारवानी’ म्हणतात, ते कुत्रे सडपातळ, लांब पायांचे व आखूड केसांचे असतात. त्यांच्यातच ‘पश्मी’ नावाचा एक प्रकार आहे. त्याच्या कानांवर, पायांमागे व शेपटीवर रेशमी झालर असते. ‘पश्म’ या फारसी शब्दाचा अर्थच लोकर असा आहे. ‘पश्मिना’ शालीचे नावही त्यावरूनच पडले. पश्मी पाळणाऱ्याला ती झालर विंचरावीच लागते. अलीकडे तिबेटसारख्या थंड प्रदेशातील ल्हासा अप्सो किंवा युरोपातील पामेरियन अशा जातींची कुत्रीही लहान गावांत दिसू लागली आहेत. थंडीसाठी निसर्गाने त्यांना दिलेला दाट झगा घालून ती परभणीच्या उन्हाळ्यात राहतात. त्यांना येथे आणणारा माणूस आहे. म्हणून त्या झग्याची निगा राखण्याचे कामही माणसाचेच आहे.

‘जट’ हा शब्द महाराष्ट्रात माणसांच्या बाबतीतही दुःखाने उच्चारला जातो. एखाद्या स्त्रीच्या डोक्यात जट झाली की ती देवीचा कौल समजून तशीच वाढू देण्याची प्रथा होती व काही ठिकाणी ती अजूनही आहे. जटेच्या भाराने मान दुखते, झोप लागत नाही, उवा व जखमा होतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अनेक स्त्रियांची समजूत घालून त्यांना या ओझ्यातून मुक्त केले आहे. जट माणसाची असो वा कुत्र्याची, तिचे कारण एकच: केस उकलले गेले नाहीत. कारण कळले की भीती सरते आणि उपाय सापडतो.

उपाय साधा आहे. त्यासाठी दूर दूर दातांचा एक कंगवा, बारीक दातांची एक फणी आणि रोजची दहा मिनिटे एवढेच पुरे.

कुत्र्याला ओट्यावर किंवा सतरंजीवर शांतपणे बसवावे. प्रथम कंगवा घेऊ नये. दोन्ही हातांची बोटे केसांत घालून सर्वांगावरून फिरवावी. डोळ्यांना जे दिसत नाही, ते बोटांना कळते. कुसळ, गोखरू, गोचीड, गाठ, सूज, सारे बोटांखाली येते. गळ्यातील पट्टा दररोज काढून त्याखाली पाहावे. मग केसांचा थोडा थोडा पट्टा बाजूस घेऊन कातडी दिसेपर्यंत भांग पाडावा. विंचरताना टोकाकडून आरंभ करून हळूहळू मुळाकडे जावे. मुळाशी कंगवा घालून जोराने खाली ओढल्यास सारे गुंते एकत्र होतात व कुत्र्याला वेदना होतात. केसांचे मूळ एका हाताच्या चिमटीत धरावे, म्हणजे ओढ हाताला बसते, कातडीला बसत नाही. वरवर ब्रश फिरवून समाधान मानू नये. वरचे केस चमकतात आणि खाली जट वाढतच राहते. शेवटी बारीक फणी मुळापासून टोकापर्यंत अडखळल्यावाचून फिरली, म्हणजे काम पुरे झाले. फणीत आलेले गुंतवळ तेथेच न टाकता कचऱ्यात टाकावे.

लहानशी गाठ आढळल्यास ती बोटांनी उलगडावी. बोटांना थेंबभर खोबरेल तेल लावल्यास केस सुटणे सोपे होते. घट्ट जट मात्र घरी कात्रीने कापू नये. जटेबरोबर कातडी वर ओढली गेलेली असते. केस कोठे संपले आणि कातडी कोठे लागली, हे दिसत नाही आणि कात्री कातडीत शिरते. हे काम पशुवैद्याचे किंवा शिकलेल्या हाताचे आहे. परभणी येथे १९७२ सालापासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे व तालुक्याच्या गावी शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. तेथे जाण्यास संकोच धरू नये.

आंघोळीचा क्रम ध्यानात ठेवावा: आधी विंचरावे, मग धुवावे, मग मुळापर्यंत कोरडे करावे आणि पुन्हा विंचरावे. माणसाचा साबण कुत्र्याच्या कातडीला मानवत नाही. त्यासाठी वेगळा साबण मिळतो. उन्हाळ्यात सारे केस कातडीपर्यंत भादरून टाकण्याचा मोहही टाळावा. मोकळे, विंचरलेले केस उन्हापासून कातडीचे रक्षण करतात व त्यांतून वारा खेळतो. जट झालेल्या केसांतून तो खेळत नाही.

लांब केसांच्या कुत्र्याला रोज विंचरावे. पश्मीची झालर आठवड्यातून दोन-तीन वेळा, तर आखूड केसांच्या कुत्र्याला आठवड्यातून एकदा विंचरल्यास चालते. शेतातून परत आलेल्या कुत्र्याची कुसळे मात्र त्याच वेळी काढावी. पिल्लू घरी आल्यापासूनच ही सवय लावावी. आरंभी दोन मिनिटे पुरेत. विंचरून झाले की शाबासकी व भाकरीचा तुकडा द्यावा. ज्याला कंगव्याची ओळख प्रेमाने झाली, तो पुढे कंगवा पाहून आपण होऊन जवळ येतो.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. दुखावलेला कुत्रा ओळखीच्या माणसालाही चावू शकतो. म्हणून मुलांनी वडील माणसांच्या देखरेखीखाली हे काम करावे, अनोळखी कुत्र्याला हात लावू नये आणि घरच्या कुत्र्याला पिसाळ रोगाची लस वेळेवर टोचून घ्यावी. कुत्रा चावलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी व तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

जगात काही कुत्रे जटाधारी म्हणूनच प्रसिद्ध आहेत. हंगेरी देशातील पुली व कोमोंडोर या मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोरखंड लोंबतात. त्या जाड आवरणामुळे थंडीवाऱ्यापासून त्यांचे रक्षण होते आणि लांडग्याचे दात सहजासहजी लागत नाहीत. परंतु त्या दोऱ्याही आपोआप नीट राहत नाहीत. त्या एकमेकींना चिकटून थर बनू नये, म्हणून धनी त्यांना मुळापासून हातांनी वेगवेगळे करीत असतो. जटा शोभतात तेथेसुद्धा माणसाचा हात फिरावाच लागतो.

१९६० सालच्या प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने प्राणी पाळणाऱ्यावर एक कर्तव्य सोपविले आहे. प्राण्याचे हित राखणे आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ न देणे, हे ते कर्तव्य होय. आपल्या संविधानातही सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. काठीने मारणे म्हणजेच छळ, असे पुष्कळांना वाटते. मोतीला कोणी मारले नव्हते. कोनाड्यात पडून राहिलेल्या कंगव्यानेच त्याचा छळ केला होता.

त्या दिवशी दवाखान्यातून परतल्यावर मोती अंगणात कितीतरी वेळ निपचित पडून राहिला. त्याचे पांढरे केस गेले होते. ओबडधोबड कापलेल्या अंगावर औषधाचे डाग होते. त्याच्याकडे पाहून शेजारची मुले हसली. मुलगा हसला नाही. तो कोनाड्यातील कंगवा घेऊन आला आणि मोतीजवळ बसला. विंचरण्यास अजून केस नव्हतेच. त्याने कंगवा बाजूस ठेवून मोतीच्या कानामागे, जेथे हात लावू देत नसे तेथेच, भीतभीत बोट टेकविले. मोती गुरगुरला नाही. त्याने डोके मुलाच्या मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

केस वाढावयास काही महिने लागले. कंगवा मात्र पुन्हा कोनाड्यात गेला नाही.

प्रश्न व अभ्यास

१. मोती चिडका झाला, असे घरच्यांना का वाटले? खरे कारण कोणते होते?
२. जट आणि नमदा यांत कोणते साम्य आहे?
३. मुलगा दर रविवारी आंघोळ घालीत असूनही मोतीची जट का वाढली?
४. “कोनाड्यात पडून राहिलेल्या कंगव्यानेच त्याचा छळ केला होता,” या वाक्याचा आशय आपल्या शब्दांत लिहा.
५. ‘नव्याचे नऊ दिवस’ व ‘प्राणावर बेतणे’ यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
६. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या एखाद्या पाळीव प्राण्याची रोज कोणती निगा राखली जाते, ते पाहून दहा ओळी लिहा.